पदेरीणबाई

डिचोलीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या नवऱ्याचा धंदा बदलला, आणि त्याला कारण मी.

हे पाळक. म्हणजे आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. आमच्या पंथात पाळक लग्न करतात, चारचौघांसारखा संसार करतात, आणि त्यांच्या बायकोला सगळे ‘पाळकीणबाई’ म्हणतात. मी कोल्हापूरकडची. माहेरही मंडळीतलं, सासरही मंडळीतलं, त्यामुळे ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागते हेच मला ठाऊक नव्हतं. खाणी तेव्हा जोरात होत्या. सिंधुदुर्गातून आणि घाटावरून पुष्कळ माणसं ट्रकवर, खाणींवर, वर्कशॉपांत कामाला आली होती, आणि त्यांत आमची काही कुटुंबंही होती. त्यांना मराठीत उपासना हवी होती. त्यांनी पंथाच्या समितीकडे पाळक मागितला, समितीने आम्हाला धाडलं. मुळगावच्या वाटेवर दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी असं भाड्याचं घर मिळालं. पडवीत रविवारी उपासना, बाकीचे सहा दिवस माझी वाळवणं.

निघताना मला एकाने बजावलं होतं, गोव्यात ‘पाळक’ म्हणू नका, कुणाला कळणार नाही, ‘पाद्री’ म्हणा. मी ते पाठ करून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मावशी कुंपणाशी आल्या. साठीच्या आसपास, काष्टा घट्ट मारलेला, हातात विळा, आणि कानाने थोड्या कमी. घरात एकट्याच, मुलगा पणजीला नोकरीला, शनिवारी यायचा. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “घोव कितें करता गो तुझो?”

घोव म्हणजे नवरा एवढं मला कळलं. मी अभिमानाने सांगितलं, “पाद्री आहेत.”

मावशींनी माझ्या मंगळसूत्राकडे पाहिलं. मग दोरीवर वाळत असलेल्या यांच्या चौकटीच्या शर्टाकडे पाहिलं. “पाद्र्याक बायल खंय आसता गो?” त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. गोव्यातला पाद्री पायघोळ पांढरा झगा घालतो, इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, राहतो आणि जन्मभर लग्न करत नाही. पाद्र्याची बायको ही वस्तूच जगात नसते. मावशींनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. बाहेरची बाई, जीभ वळत नाही, एवढंच! त्या कुंपणावरून पुढे वाकून मोठ्याने म्हणाल्या, “पदेर! पदेर म्हण!”

मला वाटलं, पाद्रीला इथे पदेर म्हणत असतील. मी आज्ञाधारकपणे म्हटलं, “पदेर.” त्यांनी परत म्हणून घेतलं. मी परत म्हटलं. आम्हा दोघींना फार बरं वाटलं.

“बरें,” मावशी म्हणाल्या. “फाल्यां सकाळीं चार उंडे हाड.”

मी आत जाऊन यांना सांगितलं, “शेजारच्या बाईंना कसलंसं हाड पाहिजे आहे.”

संध्याकाळी घरमालकाने पोट धरून हसत हसत उलगडा केला. पदेर म्हणजे पाव भाजणारा. उंडे म्हणजे वरून कडक, आतून मऊ असे गोल पाव. फाल्यां म्हणजे उद्या, आणि हाड म्हणजे आण. मी स्वतःच्या तोंडाने, एकदा नव्हे दोनदा, माझ्या नवऱ्याला बेकरीवाला करून ठेवलं होतं.

हे लगेच चपला घालून मावशींकडे गेले आणि म्हणाले की आपण पाव भाजत नाही, आपण धर्माचं काम करतो. मावशी म्हणाल्या, “बरें, बरें, धर्माचेंच काम तें.” दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्यांदा तर त्यांच्या मुलाला मध्ये घालून सांगितलं. मुलाला पटलं, मावशींना नाही. “पाद्र्याक बायल नासता,” या एका वाक्यावर त्यांनी आमचा सगळा ईश्वरशास्त्राचा अभ्यास निकालात काढला. त्यात आमची उपासना म्हणजे पडवीत चटया अंथरून, पेटी-तबल्यावर मराठी भजनं. घंटा नाही, मेणबत्ती नाही, बायका साड्यांत. मावशींच्या हिशेबी हे किरिस्तांव असणं शक्यच नव्हतं. रविवारी पदेराची सुटी असते म्हणून तो भजन करतो, असं त्या वाड्यावर सांगत.

चौथ्या दिवशी हे पहाटे उठले, सायकल काढली, नाक्यापलीकडच्या खऱ्या पदेराच्या भट्टीवर गेले आणि चार उंडे आणून मावशींच्या दारात दिले.

मी भडकले. माझा स्वभाव मुळातच तापट. चहाच्या आधी मी उकळते असं हे म्हणायचे. “तुम्हाला देवाने कशासाठी बोलावलंय? पाव वाटायला?”

“खरं होतं ते तीनदा सांगून झालं,” हे म्हणाले. “आता त्यांना उंडे हवेत. आपण रोज प्रार्थनेत भाकर मागतोच की. कुणाला तरी ती नेऊन द्यावी लागणार.”

मावशी पैसे देऊ लागल्या, यांनी घेतले नाहीत. मग त्यांनी दुसरी सोय केली. त्यांच्या गोठ्यात एक म्हैस होती. उंड्यांच्या बदल्यात रोज लोटाभर दूध येऊ लागलं. त्या दुधाचा चहा रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना मिळायचा, आणि खरं सांगायचं तर काही जण उपासनेपेक्षा त्या चहालाच जास्त विश्वासू होते.

वाड्यावरची पोरंसोरं मला ‘पदेरीण’ म्हणू लागली. पुढे त्यांचं ऐकून आमच्या मंडळीतले लोकही गमतीने ‘पदेरीणबाई’ म्हणायला लागले. मी वरवर हसत असे. आतून मला ते लागत असे. माझ्या वर्गातली एक मैत्रीण मोठ्या शहरातल्या दगडी देवळाची, म्हणजे चर्चची, पाळकीणबाई झाली होती. तिच्या पत्रांत शाळा असायची, गायकवृंद असायचा, नाताळाला दारात गर्दी असायची. आणि मी पत्र्याखाली, डोक्यावर पदेराची टोपली असल्यासारखी.

यांचा दिवस ठरलेला. उंडे देऊन झाले की कापडी पिशवीत गीतांची पुस्तकं आणि गुंडाळलेली चटई घालायची, ती पिशवी सायकलच्या मागे बांधायची आणि निघायचं. कुणाच्या खोलीवर प्रार्थना, कुणी दवाखान्यात असेल तर तिथे, नार्वे गावात एक फिटरचं कुटुंब होतं तिथे. बुधवारी बस धरून पेडण्याला, कारण तिथेही आमची दोन घरं होती. दोन घरांसाठी अख्खा दिवस! मी विचारायची, “काय झालं आज?” हे म्हणायचे, “काही नाही. बसलो, गायलो, आलो.” अकरा वर्षं मी हेच उत्तर ऐकलं. माणसाने निदान एखादी गोष्ट तरी फुगवून सांगावी, पण नाही.

खरा पदेर आणि यांची मात्र गट्टी जमली होती. तो कॅथलिक, त्याला सगळा घोटाळा ठाऊक होता आणि तो त्याची मजा घ्यायचा. यांना बघितलं की ओरडायचा, “येयात, पाद्रीबाब, तुमचें गिरायक वाट पळयता!” एकदा यांनी त्याला विचारलं, वाटेवरची अर्धी घरं बंद असतात, उरलेल्यांतली निम्मी नको म्हणतात, मग तू प्रत्येक दारापुढे भोंगा का वाजवतोस? तो म्हणाला, “वाजयलो ना जाल्यार लोक म्हणटले, पदेर मेलो.” यांनी त्या रविवारी यावरच प्रवचन केलं. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. शहरातल्या देवळात असलं प्रवचन चाललं नसतं, असं मी बोलूनही दाखवलं.

मग खाणी बंद पडल्या.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना ती शांतता सांगता येणार नाही. वर्षानुवर्षं आमच्या भांड्यांवर लाल धूळ बसायची, मी तिला शिव्या घालायची. ती धूळच एक दिवस यायची थांबली. ट्रक रस्त्याच्या कडेला रांगेने उभे राहिले, त्यांच्या चाकांतून गवत वर आलं. माणसं आपापल्या गावी परतू लागली. आधी एकटे असलेले गेले, मग शाळेचं वर्ष संपल्यावर कुटुंबं गेली. दर रविवारी कुणीतरी निरोपाचा पेढा आणायचं. मला पेढ्याची शिसारी बसली. जिथे चटया कमी पडायच्या तिथे पाच माणसं उरली: एक निवृत्त लोडर ऑपरेटर आणि त्याची बायको, सरकारी दवाखान्यातली एक नर्स, आणि आम्ही दोघं. पेडण्याचं एकच घर राहिलं. नर्सची ड्यूटी असली की चारच. हे तरीही तितक्याच तयारीने, तितकाच वेळ बोलायचे. ऑपरेटरकाकांना तिसऱ्या मुद्द्याला हमखास झोप लागायची. मग उरलो तीन.

त्याच सुमारास समितीचं पत्र आलं. एका मोठ्या शहरातल्या मंडळीला पाळक हवा होता. दगडी देऊळ, बाजूला पाळकगृह, आवारात शाळा. डिचोलीचं काम आता तसं संपल्यातच जमा आहे, तेव्हा तुमची इच्छा असेल तर कळवा, असं लिहिलं होतं. डिचोलीला दुसरा पाळक मिळणार नव्हता, हेही त्यात होतं. म्हणजे आम्ही गेलो की पडवी बंद.

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि देवाचे आभार मानले. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, अकरा वर्षांनी देवाला माझा पत्ता सापडला.

यांना तेव्हा कावीळ झाली होती. पिवळे डोळे घेऊन खाटेवर पडून होते, उसाचा रस आणि पेज यांवर. मी वाचून दाखवलेलं पत्र त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “अकरा वर्षं तू माझ्यामागून आलीस. या वेळी तू ठरव. तुझं अक्षरही चांगलं आहे. जे लिहायचं ते लिही, मी सही करतो.”

हे बोलणं मोठेपणाचं होतं, आणि मला त्याचाही राग आला. नवऱ्याने अडवलं असतं तर भांडता आलं असतं. मी त्याच दुपारी लिहिलं: आम्ही आनंदाने येऊ. यांनी वाचलं, सही केली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी ते पाकिटात घालून चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जायला निघाले तर हे खाटेवरून म्हणतात, “मावशींचे उंडे?”

आजारात चार दिवस नर्स जाता जाता उंडे देऊन गेली होती. आज तिची सकाळची ड्यूटी होती. मी दात-ओठ खात भट्टीवर गेले, पदेराकडून चार उंडे घेतले आणि पत्र होतं त्याच पिशवीत टाकले. म्हटलं, हे एकदा देऊन टाकते आणि पुढे पोस्ट गाठते. जाता जाता मावशींना सांगूनही टाकते, म्हणजे वाट बघायला नको.

मावशींचं पुढचं दार लावलेलं होतं. हाका मारल्या, पण त्यांना ऐकू कुठे येणार. मी घराला वळसा घालून मागे गेले. अकरा वर्षांत त्यांच्या मागच्या अंगणात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. देणंघेणं सगळं पुढच्या पायरीवर.

मावशी गोठ्यात पाठमोऱ्या बसल्या होत्या. म्हशीच्या आंबोणाचं घमेलं पुढ्यात होतं, आणि त्या आदल्या दिवशीचे उंडे एकेक करून मोडून त्यात घालत होत्या. चारही. म्हैस मान खाली घालून निवांतपणे खात होती.

माझं डोकं फिरलं. माझा नवरा अकरा वर्षं, पावसात, तापात, सायकलचं चाक पंक्चर असलं तर पायी, उंडे आणतोय, आणि ते कुणासाठी? म्हशीसाठी! मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि आवाज चढवून म्हटलं, “मावशी! हे काय चालवलंय? तुम्ही हे म्हशीला घालता?”

त्या दचकल्या. मग काही लपवायचं आहे असा भावही न आणता म्हणाल्या, “म्हशीक घालतां तर. हांव पाव खायना गो. आमच्या घरांत केन्नाच कोण खायनाशिल्ले.”

तेव्हा मला कळलं की जुन्या घरांत पदेराचा पाव चालत नसे. पाव खाल्ला की धर्म बाटला असं मानणारी ती पिढी. त्या बाईने जन्मात उंडा तोंडाला लावला नव्हता.

“मग घेता कशाला? रोज? अकरा वर्षं?”

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कमी ऐकते. त्या म्हणाल्या, “तुमच्याखातीर घेतां. हांगा पयलींच एक पदेर आसा. परगांवच्या पदेराकडल्यान कोण घेतलो? तुझो घोव रोज सकाळीं पिशवी भरून वता नी भरूनच परत येता. एक उंडो खपना बापड्याचो. हांव दारांत बसून पळयतां मगो. कोणें तरी घेवंक जाय. नाजाल्यार तो कसो रावतलो?”

 रोज सकाळी भरून जाणारी आणि संध्याकाळी भरूनच येणारी ती पिशवी मीही अकरा वर्षं बघत होते. गीतांची पुस्तकं काय संपणार होती? पण मीही हेच म्हणत आले होते: काही खपत नाही. मी ते बघून चिडले होते. या बाईने तेच बघितलं आणि, हा माणूस इथे टिकावा म्हणून, चार उंडे सांगितले. रोज. नको असताना.

मला त्यांना सांगायचं होतं ते मी रागातच सांगून टाकलं, कारण रडू येऊ लागलं की मी रागावते. “मावशी, आम्ही जातोय. घर सोडतोय.”

त्यांनी हात आंबोणातून काढला, पदराला पुसला. “धंदो चलना म्हूण?”

 मी म्हटलं, “हो. चालत नाही.”

मावशींनी म्हशीकडे बघितलं, गोठ्याच्या कोपऱ्यातल्या गवताच्या भाऱ्यांकडे बघितलं. त्या मनात काहीतरी जुळवत होत्या, एवढं मला दिसत होतं. मग उठल्या, माझ्या दंडाला धरलं आणि मला ऐकू येत नसावं अशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, “बाय, फाल्यासून आठ हाड.”

मी पिशवीतले चार उंडे त्यांच्या हातात ठेवले आणि घरी आले. पोस्टाकडे वळलेच नाही. पाकीट उबदार उंड्यांखाली राहून मऊ पडलं होतं, कोपऱ्याला तुपकट डागही होता. यांनी विचारलं, “टाकलंस?” मी म्हटलं, “नाही,” आणि खाटेच्या काठावर बसून ढसाढसा रडले. रडता रडता सगळं सांगितलं. म्हशीपाशी आले तेव्हा हे हसू लागले. काविळीने पिवळा पडलेला माणूस, बरगड्या धरून हसतोय. हसता हसता त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

“मी समजत होतो, आपण त्यांना सांभाळतोय,” हे म्हणाले.

 मग मी उठून दुसरा कागद घेतला. समितीला लिहिलं की डिचोलीचं काम संपलेलं नाही, आम्ही इथेच आहोत. कारण मात्र लिहिलं नाही. समितीच्या लोकांना म्हशीचं कारण कसं लिहिणार?

तेव्हापासून रोज आठ उंडे.

यापुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते मोठं असूनही साधं आहे. आम्ही राहिलो. बरेच दिवस पाचचे सहा झाले नाहीत, आणि मला ते चालू लागलं. मी स्वतः यांच्याबरोबर फिरू लागले. पेडण्याला त्या एका घरी गेले तेव्हा कळलं की ‘बसलो, गायलो, आलो’ म्हणजे काय. त्या घरात एक आजारी माणूस आठवडाभर बुधवार मोजत पडलेला असायचा. त्याची बायको म्हणाली, “बुधवार आहे म्हणून हे मंगळवारचं औषध घेतात.” मी परत येताना बसमध्ये यांच्याशी भांडले, हे मला कधी सांगितलं का नाही म्हणून. हे म्हणाले, “यात सांगण्यासारखं काय होतं?”

हळूहळू माणसं परत आली, काही नवी आली. कारखान्यांत कामाला आलेली, दवाखान्यातली, नर्सने हात धरून आणलेली. पत्र्याची पडवी पुढे वाढवावी लागली. शहरातल्या दगडी देवळाएवढी गर्दी आमच्याकडे कधीच झाली नाही, आणि आता मला ती नकोही आहे. ऑपरेटरकाका शेवटपर्यंत तिसऱ्या मुद्द्याला झोपत राहिले. त्यांना आम्ही त्याच पडवीतून पोचवलं, आणि त्या दिवशी यांनी प्रवचनात तिसरा मुद्दाच ठेवला नाही.

हल्ली तरुण पाळकांच्या बायका माझ्याकडे येतात. बसतात, चहा घेतात, आणि डोळ्यांत पाणी आलं की विचारतात, बाई, किती दिवस धरून राहायचं? काही होताना दिसतच नाही. मी त्यांना गोड बोलून थोपटत नाही, तो माझा स्वभाव नाही. मी सांगते, तुला दिसत नाही, कारण तू पिशवीकडे बघतेस. मीही तेच बघत होते. तू जिथे आहेस तिथे कुणीतरी दारात बसून तुला रोज बघतंय, आणि तू टिकावीस म्हणून काहीतरी करतंय, तुझ्या नकळत. देव आपल्याला माणसांकडे पाठवतो हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. तो माणसांनाही आपल्याकडे पाठवतो, आणि ती आपल्या धर्माची असतीलच असं नाही. हे मला कुठल्या शाळेत नाही, गोठ्यात समजलं. आणि ते खरं आहे याची मला खात्री आहे.

डिचोलीत येऊन चोवीस वर्षं झाल्यावर हे निवृत्त झाले. आमच्या जागी एक तरुण पाळक आला, नुकतं लग्न झालेला. पहिल्याच आठवड्यात त्याची बायको पत्र्याखाली चटया झटकताना मला दिसली, आणि तिचं तोंड बघून मी ओळखलं की ही महिन्याभरात बदलीसाठी पत्र लिहिणार. मी तिला म्हटलं, “चल, तुला एका घरी नेते.”

मावशी आता पंच्याऐंशीच्या घरात. पायरीवरच बसलेल्या असतात. डोळेही अधू झालेत, कान तर पूर्वीच गेले. मागचा गोठा रिकामा आहे; म्हैस विकून दोन वर्षं झाली. मी नव्या मुलीला त्यांच्या पुढे उभी केली. मावशींनी तिचा हात चाचपला, बांगड्या चाचपल्या, मंगळसूत्र चाचपलं.

“नव्या पदेराची बायल?” त्यांनी मला विचारलं.

ती मुलगी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मी मावशींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “होय गो मावशे. नव्या पदेराची. परगांवची आसा. चार उंडे सांग तिका.”

मावशींनी तिचा हात सोडला नाही. “चार कित्याक?” त्या म्हणाल्या. “आठ हाड गो बाय.”

परतताना ती मुलगी मला विचारू लागली की पदेर म्हणजे काय, आणि या आजी एकट्या आठ पाव कशा खाणार. मी म्हटलं, सगळं सांगते, आधी तुला भट्टी दाखवते. सकाळी लवकर यावं लागतं, उशीर केला की उंडे गार होतात.